गोल राखायला शिवा का नव्हता

जिथं माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात, तिथं सांगण्यासारखं काही घडत नाही. आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. त्यामुळं सत्तरच्या दशकातली माझी कोचगिरी म्हणजे किश्श्यांचं कोठारच!

मला नेमलं तेच मुळी संशयापोटी. टीममधली निम्मी पोरं वरच्या पेठेची, निम्मी खालच्या. रविवारी पेठांच्या मॅचमध्ये एकमेकांची नडगी फोडायची आणि सोमवारी आमच्याकडं एकत्र खेळायची. कुठल्याच पेठेचा कोच चालेना. मी पडलो बाहेरगावचा, कोडोलीचा. मुलाखतीत प्रिन्सिपलसाहेबांनी फुटबॉलबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "सासुरवाडी कुठली?"

"पन्हाळ्याकडची."

"मग या उद्यापासून!"

*

साहेब खर्चाच्या बाबतीतही तसेच. दुसऱ्या बॉलसाठी अर्ज केला, तर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅचमध्ये एका वेळी किती बॉल लागतात?"

"एक, सर."

"मग दुसरा कुणाला पाहिजे?"

*

वरच्या पेठेचा इक्बाल आमचा सेंटर फॉरवर्ड. एकदा तो गोलसमोर मोकळा उभा, तरी खालच्या पेठेचा हाफबॅक त्याला पास देईना. मी बाहेरून कोकललो. पोरगं थांबून मलाच म्हणालं, "सर, रविवारी आमच्यावर गोल मारलाय त्यानं. आज पास दिला तर सवय लागंल की त्याला!"

*

सरावानंतर पोरांना दूध मिळायचं. एके दिवशी इक्बालचं पोट बिघडलं. झालं! खालच्यांनी जमालगोटा घातला, अशी बोंब उठली. तेव्हापासून प्रत्येक ग्लासातला पहिला घोट मी घ्यायचा आणि पोरं माझ्या तोंडाकडं बघत थांबायची. टीम होती तशीच राहिली. माझ्या पँटा तेवढ्या राजारामपुरीतल्या टेलरकडं सैल करायला गेल्या.

*

आणि शिवा. खालच्या पेठेचा, आमचा गोलकीपर. आम्ही पहिल्यांदाच फायनलला पोचलो आणि हा इतिहासाच्या चाचणीत नापास! नापास तो मैदानाबाहेर, हा साहेबांचा नियम. शिवाशिवाय आमचं काही खरं नव्हतं. हातापाया पडून मी फेरपरीक्षा मिळवली. शिवाला कुणी मदत करेल या संशयानं साहेबांनी एकट्या शिवावर दोन प्राध्यापक बसवले, एक वरच्या पेठेचे, एक खालच्या.

मी खिडकीतून हळूच डोकावलो. दोघे प्राध्यापक एकमेकांवर डोळे रोखून बसलेले. शिवाकडं कुणाचंच लक्ष नाही! मी निर्धास्त होऊन चहाला गेलो.

शिवा पुन्हा नापास. फायनल हरलो. गोलमागच्या गर्दीत शिवा मान खाली घालून उभा. मी त्याला बाजूला घेतलं. "गाईड न्हवतं व्हय रं तुझ्याकडं?"

"शर्टातच व्हतं की, सर."

"मग?"

"दोघं सर माझ्याकडं एकदाबी बघंनात. म्हटलं, सापळा हाय ह्यो!"