फेब्रुवारी जुलैनंतर आला तेव्हा: हर्नडन ते स्टॉन्टन, एका स्कॉटिश अर्लसाठी

बाबांचं पुस्तक मंगळवारी छापायला जाणार होतं, आणि आदल्या बुधवारी ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की त्यातलं एक पत्र आमच्यापैकी कोणीच डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुढची सगळी सहल त्यातून घडली.

थोडं मागचं सांगते. बाबा नागपूरचे निवृत्त शिक्षक. त्यांची नोकरी आडगावी असताना शाळा लांब होती आणि मी सारखी आजारी पडायची, म्हणून चौथीपर्यंत त्यांनी आणि आईनेच मला घरी शिकवलं. काहीही सांगायला गेलं की बाबांचा पहिला प्रश्न, "पाहिलंस की ऐकलंस?" या प्रश्नाची धास्ती अजून गेलेली नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पडले, यात त्याचा वाटा असणार.

पुस्तक आहे इतिहासात ओलीस ठेवलेल्या मुलांवर. सहावं प्रकरण ग्लेनार्ख नावाच्या जहागिरीच्या एका स्कॉटिश अर्लचं, म्हणजे बड्या सरदाराचं. त्या काळी इंग्लंडच्या ट्यूडर राजाने लढाईत स्कॉटिश सरदार पकडले आणि बदल्यात त्यांचे मुलगे ठेवून घेऊन त्यांना सोडून दिलं. आमच्या अर्लनेही जुलैत आपला नऊ वर्षांचा मुलगा दिला. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने बायकोला लिहिलं होतं, "मुलगा आपल्याच घरी वाढेल, हा माझा शब्द." म्हणजे शब्द दिला आणि पाच महिन्यांत मोडला. पुढे तर तो स्वतःच इंग्लंडला जाऊन राहिला. बाबांनी प्रकरणाला नाव दिलं, 'शब्द विकणारा अर्ल'.

तारखांचा तक्ता मी करून दिला होता. अर्लचे वंशज पुढे व्हर्जिनियात आले, त्यांची कागदपत्रं स्टॉन्टनजवळच्या एका गावातल्या लहानशा ग्रंथालयात आहेत, आणि मुख्य पत्रांतल्या ओळींसकट त्यांची यादी इंटरनेटवर आहे. ती उतरवून घेतली, एक्सेलमध्ये टाकली, तारखेप्रमाणे सॉर्टचं बटण दाबलं. झालं.

शेजारच्या शुभदाकाकूंना हे सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. काकू पुण्याच्या, वीस वर्षं इथे अमेरिकेत, हर्नडनला, आणि गाडी अशी चालवतात की जणू हायवे त्यांच्याच नावावर आहे.

"मग शनिवारी जाऊ की! मला तो डोंगरमाथ्यावरचा रस्ता, स्कायलाइन ड्राइव्ह, बघायचाच आहे. तू ड्राइव्ह करशील?"

"काकू, मला हायवेवरच्या धावत्या गाड्यांत मर्ज करायची भीती वाटते."

"माहितीये. म्हणूनच विचारलं. मीच करते."

शनिवारी सकाळी सहाला निघालो. मे महिना होता, गर्दी नव्हती. ६६ नंबरचा हायवे पश्चिमेकडे धरायचा, तो संपला की ८१ दक्षिणेकडे. चुकण्यासारखं काही नाही. ८१ वर ट्रक फार असतात, नवख्यांनी उजवी लेन सोडू नये. पेट्रोल निघतानाच भरा, या दिवसांत गॅलन तीन डॉलरला टेकलंय. डावीकडे ब्लू रिजचे डोंगर खरोखर निळे दिसतात. मला आधी वाटलं, काच मळलीय.

हॅरिसनबर्गच्या अलीकडे एका डायनरमध्ये नाश्ता केला. दोघींचे मिळून अकरा डॉलर. अंड्यांबरोबर ग्रिट्स म्हणून मक्याची पांढरी पेज आली. काकूंनी एक चमचा खाल्ला, पर्समधून मेतकुटाची डबी काढली, पेजेवर भुरभुरवली आणि वेट्रेसला म्हणाल्या, "ट्राय!" तिने खाल्लं. पुन्हा मागितलं. काकू मला म्हणाल्या, "बघ, तुझा अर्ल मेला तरी आपलं एक काम झालं."

"मेलाच आहे तो, काकू. साडेचारशे वर्षं झाली."

"मग एवढी घाबरतेस कशाला? तो काय केस करणारे?"

ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्याबद्दल चुकीचं छापलं, तर ते जास्त वाईट, असं काहीतरी मनात होतं.

ग्रंथालय म्हणजे पांढरं रंगवलेलं जुनं घर. शनिवारी दहा ते तीन उघडं, आधी फोन करावा लागतो, प्रवेश फुकट. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल तेच देतात. मिस डोरोथी नावाच्या सत्तरीच्या बाई एकट्याच सगळं बघतात. त्यांनी टेबलावर एक पेटी ठेवली आणि एकेक कागद काढत गेल्या. मूळ अक्षर मला एक ओळही लागलं नाही, पण प्रत्येक पत्राला टाइप केलेली प्रत जोडलेली होती. मजकूर जुळला. "हा माझा शब्द" तिथे होतं. मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही.

मग दिसलं की जुलैचा करार आधी ठेवलाय आणि फेब्रुवारीचं पत्र त्याच्यानंतर.

"क्षमा करा," मी म्हटलं, "हा क्रम उलटा झालाय का? वर्ष तर एकच आहे."

मिस डोरोथी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नाही गं पोरी. त्या काळी स्कॉटलंडचं नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी येतात."

काकू खुर्चीतून उठल्याच.

"म्हणजे पाडवा! अगं, त्यांचा पाडवा! आपला फाल्गुन नाही का चैत्राच्या आधी संपत? तुला एवढं कळू नये?"

कळायला हवं होतं. ज्या घरात दर चैत्रात गुढी उभारून नवं पंचांग आणतात, त्या घरातल्या दोन माणसांनी साडेचारशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडचं वर्ष एक जानेवारीला सुरू केलं होतं. आणि ते सुरू करणारं बटण मी दाबलं होतं.

आता सगळं उलटं वाचायचं. अर्लने जुलैत मुलगा दिला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत बायकोला लिहिलं की तो आपल्याच घरी वाढेल. म्हणजे ते मोडलेलं वचन नव्हतं, परत आणण्याचं वचन होतं. पाळलं का? मिस डोरोथींनी पेटीतला शेवटचा कागद दिला. तो यादीत 'घरगुती पत्र, तारीख नाही' एवढाच होता, म्हणून मी तक्त्यात घेतलाच नव्हता. अर्लच्या बायकोने बहिणीला लिहिलेलं: मुलगा पोचला, उंच झालाय, त्याच्या जागी हे तिकडे राहिलेत.

काकूंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे पोरासाठी स्वतः जाऊन बसला," त्या म्हणाल्या आणि कागद तिसऱ्यांदा वाचायला घेतला.

प्रती घेतल्या, पानाला पंचवीस सेंट. मोटेल गावाबाहेर, पंचावन्न डॉलर, स्वच्छ. रात्रीचं जेवण काकूंच्या तिखटामिठाच्या पुऱ्या. आठ वाजता, म्हणजे नागपूरला पहाटे साडेपाचला, कॉलिंग कार्डावरून फोन लावला. बाबा उठलेले असतात. बारा वर्षं लिहीत असलेलं पुस्तक, आणि मी सांगणार की एक प्रकरण उभंच राहत नाही.

सगळं एका दमात सांगितलं. कार्डाची मिनिटं चालली होती.

"तक्ता कोणी केला होता?"

"मी, बाबा."

"आणि तपासला?"

"कोणीच नाही."

"मी तपासायला हवा होता. पन्नास वर्षं पंचांग बघतोय मी. दोघंही नापास."

"प्रेसला काय सांगायचं?"

"थांब म्हणायचं. तो प्रेसवाला ओरडेल, मग चहा मागवेल. त्या मुलाचं नाव सापडलं का गं?"

"नाही. कुठेच नाही."

"ठीक. मग नाव द्यायचं नाही. अंदाजाने तर नाहीच."

माझ्या मागून काकू ओरडल्या, "अहो, मुलीला शाबासकी तरी द्या! दीडशे मैल आलीये!"

"कोण बोलतंय?"

"ड्रायव्हर!"

बाबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

रविवारी परतताना वेन्सबरोजवळून स्कायलाइन ड्राइव्हला लागलो. वेगाची मर्यादा पस्तीस, त्यामुळे वेळ हाताशी ठेवूनच जा. आत खाण्याची ठिकाणं थोडी आहेत, डबा न्याच. एका वळणावर रस्त्यात हरिणी उभी होती, हलेचना. काकूंनी गाडी बंद केली. खाली शेनॅन्डोआचं खोरं पसरलेलं, शेतांचे चौकोन, मधूनच चमकणारी नदी. या खोऱ्यात स्कॉटलंडकडची माणसं येऊन राहिली तेव्हा त्यांच्यातल्या कोणीतरी ती पेटी समुद्रावरून सांभाळून आणली होती. त्यातलं अक्षर वाचता येत नसतानाही ती पिढ्यान्‌पिढ्या कोणी फेकली नाही, याचं मला फार बरं वाटत राहिलं.

सहल होऊन आता तीन आठवडे झाले. एकूण खर्च दोघींत मिळून दीडशे डॉलरच्या आत. कोणाला जायचं असेल तर मे किंवा ऑक्टोबर निवडा, आणि मिस डोरोथींसाठी काहीतरी गोड न्या.

काल ऑफिसच्या फॅक्सवर बाबांच्या अक्षरातली सात पानं आली. सहावं प्रकरण, नव्याने. आता ते अर्लपासून सुरू होत नाही, मुलगा घोड्यावरून घराकडे येतोय तिथून होतं. मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं. तिसऱ्या पानावर बाबांनी मुलाला परत येताना दहा वर्षांचा म्हटलंय. पण त्या शेवटच्या पत्रावर तारीखच नाही. तो किती दिवसांनी परत आला, हे आपल्याला ठाऊक नाही.

मी लगेच फोन लावला.