गोड बोलल्यास साखर द्यावी

माझ्या सासऱ्यांनी मला जन्मात एकदाच 'जावईबापू' म्हणून हाक मारली, आणि त्या वेळी ते मरणाला टेकले होते.

एरवी मी त्यांचा 'पावणं'. लग्नाला सात वर्षं झाली, दोन पोरं झाली, तरी 'पावणं'च. आणि तेही वीज तोडायला आलेल्या वायरमनला म्हणावं तशा सुरात. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. मुक्काम आण्याचं पठार. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. भावकी सगळी शेतीला लागली, पण मामांनी हौसेनं थोडी मेंढरं आणि एक एडका, म्हणजे शिंगवाला मेंढा, ठेवला होता. त्या एडक्यावर त्यांचा जीव होता. बाकी जगाला शिव्या. दावणीची गाय, रेडिओवर बातम्या देणारा, उशिरा येणारी एसटी आणि मामी (म्हणजे माझ्या सासूबाई), सगळ्यांना एकच पदवी: 'कडू बेनं!' संक्रांतीला तिळगूळ देतानासुद्धा ते फक्त 'घ्या' म्हणत. पुढचं त्यांना जमत नसे.

अशा माणसाला साखरेचा आजार झाला!

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो. मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्यामुळे ज्याला त्याला विज्ञानाचा उमाळा आलेला. आमच्या साहेबांनाही आला. त्यांना वाटलं, घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या बायाबापड्यांना खेड्यात घडीघडीला डॉक्टर कुठून मिळणार? तर त्यांना एक पेटी द्यायची. जेवणाच्या डब्याएवढी. बोटातला रक्ताचा थेंब घेऊन ती साखर मोजणार आणि बाईच्या आवाजात प्रश्न विचारणार. हिरवं बटण 'हो', लाल बटण 'नाही'. उत्तरांवरून पेटी सांगणार, गोळी द्या, साखर द्या, की डॉक्टर गाठा. आत सगळे नियम भरलेले. असं असेल तर तसं करा, तसं नसेल तर अमुक करा. हे नियम भरणारा विद्वान म्हणजे अस्मादिक! (माझं वैद्यकाचं ज्ञान? लहानपणी गालगुंड झालं होतं, तेवढंच. डॉक्टरांनी नियम सांगितले, मी टाइप केले. पण पाहुण्यांत सांगताना मी हा भाग गाळत असे.)

पेटी बाजारात जाण्याआधी कुणावर तरी वापरून बघायची होती. "कुणाच्या घरी पेशंट आहे?" साहेबांनी विचारलं. मी ताबडतोब हात वर केला. सात वर्षं ज्यांनी मला माणसात धरलं नव्हतं, त्यांना एकदा दाखवायचंच होतं की जावई पुण्यात नुसत्या खुर्च्या गरम करत नाही.

शनिवारी संध्याकाळी बायको मंगल, पोरं आणि पेटी घेऊन मी पठारावर हजर झालो. मामांनी बोट टोचू द्यायला साफ नकार दिला. म्हटलं, हरकत नाही, पेटी नुसत्या प्रश्नांवरही चालते. मामींना बटणं समजावली आणि खटका दाबला.

"नमस्कार. आपली तब्येत कशी आहे?" पेटीतली बाई म्हणाली.

मामा दचकले. टोपी सारखी केली. "बरं हाय बाई. तुमचं कसं काय?"

"मामा, तिला ऐकू येत नाही. पेटी आहे ती."

"मग इचारती कशाला?"



"रुग्णाची चिडचिड होत आहे का?" बाईनं पुढचं विचारलं.

"आता गं बया! हितं नांदायला आल्यापास्नं ऱ्हायली कवा?" असं म्हणत मामींनी हिरवं बटण असं दाबलं की पेटी चार बोटं सरकली.

"रुग्णाची साखर कमी झाली असण्याची शक्यता आहे. त्वरित तीन चमचे साखर द्यावी."

मामांचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना ओळखलंच नाही. बिचाऱ्याची साखर किती तरी महिने बंद होती. त्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि जाहीर केलं, "बाई लई शानी हाय!" मग अर्ध्या तासानं विनाकारण गाईवर खेकसले, मामींवर खेकसले, माझ्यावर खेकसले आणि म्हणाले, "चिडचिड व्हतीया. दाब बटान!" जेवायच्या आत हा कार्यक्रम आणखी दोनदा झाला. मी कौतुकानं बघत होतो. रुग्ण यंत्राला साथ देतोय, म्हणून वहीत टिपूनही ठेवलं.

सकाळी मामांनी आपणहून बोट पुढं केलं. (बाईवर विश्वास बसला होता ना!) साखर अर्थातच आभाळाला टेकली होती. मी मामींना बजावलं, "यापुढे चिडचिडीला लाल बटण दाबायचं. मामांचा मूळ स्वभाव आजारात धरायचा नाही."

"आपण आहार घेतला का?" पेटीनं विचारलं.

माझा मूळ प्रश्न साधा होता, 'जेवलात का?' साहेबांनी तो खोडून 'आहार' केला होता. शुद्ध भाषेत माणूस लवकर बरा होतो, असा त्यांचा समज होता.

"आहेर?" मामा माझ्याकडं बघत म्हणाले. "घेतला की. पावण्यांच्या लग्नात. टोपी डोक्यात जात नव्हती. आजून खुटीला हाय."

"आहार, मामा! म्हणजे जेवलात का?"

"मंग तसं इचारा की. जेवलो, जेवलो. बाई, तुमी जेवला का?"

ते जेवले नव्हते. घरात जावई असताना त्याच्या आधी यजमान घास तोंडात घालत नाही, आणि जावई सकाळपासून वायरी जोडत बसला होता. मग 'जेवलो' का म्हणाले? तर आमच्याकडं या प्रश्नाला 'नाही' म्हणायची रीतच नाही. 'नाही' म्हटलं की विचारणाराला ताट वाढावं लागतं. पेटीत बसलेली बाई कुठून वाढणार? मामांनी तिला अडचणीत टाकलं नाही, एवढंच.

मामींना खरं काय ते माहीत होतं. पण त्यांचा पारा चढला होता. "त्या बाईला जेवली का म्हनून इचारत्यात! मला इतक्या वर्सांत एकदा इचारलं न्हाई. जेवलो म्हनत्यात न्हवं? मग जेवले!" आणि हिरवं बटण दाबलं.

"नेहमीची गोळी घ्यावी, व आणखी अर्धी घ्यावी," पेटी म्हणाली. मामांनी बाईचा शब्द खाली पडू दिला नाही.

मग मी आंघोळीला गेलो. मग पोरांनी पेटीची एक वायर उपटली, ती जोडली. भाकरी थंड झाली. ऊन डोक्यावर आलं.

आणि मामा बदलायला लागले.

आधी गाईला 'माझी बाय' म्हणाले. मग मामींना म्हणाले, "दमलीस का गं? टेक जरा." मामींच्या हातातली परात खाली पडली. मला बाजूला घेऊन त्या कुजबुजल्या, "मला टेक म्हनले! काय तरी इकलंय बगा ह्येंनी. जमीन न्हाईतर मेंढरं."

"अहो मामी, साखर ताब्यात आली की स्वभाव निवळतो," मी म्हणालो. (हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी तिथल्या तिथं रचलं.)

तेवढ्यात हाक आली, "जावईबापू!"

मी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी जावई आलाय का. कुणी नव्हता. मामांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा गार होता, घामानं ओला होता आणि थरथरत होता. मला वाटलं, भरून आलंय!

"तुमच्यावानी जावई उभ्या पठारात न्हाई," मामा म्हणाले. "माझ्याकडं द्याया काय हाय? ह्यो एडका घिऊन जा."

आता मी पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. पण सात वर्षांनी मिळालेला मान कोण सोडतो? मी जाऊन एडक्याचा दोर सोडला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात पेटी, अशा थाटात दुपारची तपासणी मी स्वतः केली. (बोट टोचायला तिसरा हात नव्हता, म्हणून नुसत्या प्रश्नांवर.)

"रुग्णाची चिडचिड होत आहे का?" छे! लाल.

"रुग्णाला घाम येत आहे का?" एप्रिलच्या उन्हात घाम कुणाला येत नाही? एडक्यालासुद्धा येत असणार. लाल.

"प्रकृती उत्तम आहे. अभिनंदन!" पेटी म्हणाली. ('अभिनंदन' हा माझ्या पदरचा शब्द. डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता.) अभिनंदन संपतंय तोच मामा बसल्या जागी कांद्याच्या गोण्यांवर कलंडले.

मंगल विहिरीवरून धुणं घेऊन येत होती. तिनं कलंडलेले वडील बघितले आणि माझ्या हातातला दोर बघितला. "आबांनी एडका दिला? तुम्हाला?" ती किंचाळली. "आणि तुम्ही घेतला? अहो, ते शुद्धीवर नाहीत एवढं कळत नाही?" ती धावत गेली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "आबा, जेवला का तुम्ही?"

मामांनी डोळे किलकिले केले. "न्हाई बाळा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. लेकीला कशाला खोटं सांगतील?

मामी साखरेचं पाणी घेऊन धावल्या. घोट घोट करून पाजलं. मी दोर धरून तसाच उभा. एक मान मिळावा म्हणून मी बायकोचा बाप मारला, एवढं एकच डोक्यात फिरत होतं, आणि मी खरोखर रडायच्या बेतात आलो होतो. मामी त्यांचे तळवे चोळत होत्या आणि पुटपुटत होत्या, "बोला की वो. काय बी बोला. शिवी द्या."

थोड्या वेळानं मामांनी डोळे नीट उघडले. आमच्यावरून नजर फिरवली. ती माझ्या हातातल्या दोरावर येऊन थांबली.

"कोन रं ते कडू बेनं," मामा गरजले, "माझा एडका सोडतंय!"

"दिली गं बया! शिवी दिली!" मामी पदर डोळ्याला लावून हसायला लागल्या. मंगल हसत होती, रडत होती. मी दोर सोडला, एडका पळाला, आणि त्याबद्दल मला आणखी दोन शिव्या मिळाल्या. एवढं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

मामांना पोटभर जेवू घालून जीपनं आळेफाट्याला डॉक्टरांकडं नेलं. उपाशीपोटी दीड गोळी गेल्यामुळे साखर उतरली होती; असल्या गोळीनं ती पुन्हा उतरते म्हणून त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं. सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "पेटी नियमानंच वागली. तुम्ही कुणी तिला एक तरी उत्तर खरं दिलंत का? आणि अशा घरात प्रश्न कसा विचारायचा, हे तिला कुणी शिकवलं होतं?"

पुण्याला परतल्यावर मी साहेबांना नवा नियम सुचवला: रुग्ण अचानक गोड बोलू लागल्यास साखर द्यावी.

साहेबांनी चष्मा काढला. "याला शास्त्रीय आधार?"

"आमचे सासरे."

नियम काही पेटीत गेला नाही. 'आहार'चं मात्र 'भोजन' झालं. पेटी पुढं कपाटात गेली आणि कंपनी दुसऱ्या कशाच्या तरी मागं लागली.

आमच्या घरात मात्र तो नियम अजून चालू आहे, कारण आता साखर मला आहे. परवा जेवताना मी मंगलला सहज म्हटलं, "आज वांगं फक्कड झालंय हं."

तिनं घास खाली ठेवला. माझ्या कपाळाला हात लावला. "पोरी, साखर आण गं!"

"अगं, मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी अगदी मनापासून बोललो."

"मनापासून?" मंगल ताडकन उठली. "बरणीच आण गं!"