मागून न मिळालेली शिक्षा

आमच्या ड्रमगॅरनमध्ये अँब्रोज डिग्ननचं नाव काढलंत, तर अजूनही एकच वाक्य ऐकायला मिळेल. "लॉर्कनला घालवला तो यानंच." बस. अख्खा माणूस गावानं एका वाक्यात गुंडाळून ठेवलाय. मला या वाक्याचा राग येतो, कारण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं, आणि मी ते सात वर्षं गिळून बसलो होतो.

अँब्रोज डेअरीत दुधाचं फॅट तपासायचा. लग्न केलं नाही. आई गेल्यावर चढावरच्या घरात एकटाच. डब्लिनच्या मैदानात ब्रिटिश सैनिकांनी मॅच बघणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या, त्या सालचा त्याचा जन्म, आणि बापानं ती गोष्ट त्याला प्रार्थनेच्याही आधी पाठ करून घेतलेली. आपला देशी गेलिक फुटबॉल त्याच्यासाठी खेळ होताच, पण नुसता खेळ नव्हता. "देश अर्धाच सुटलाय," तो म्हणायचा. "मैदान तेवढं पुरतं आपलं आहे."

तेव्हा गेलिक खेळांच्या संघटनेचा नियम असा होता की आपला खेळ खेळणाऱ्यानं विलायती खेळ खेळायचे नाहीत आणि बघायचेही नाहीत. सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी, सगळं वर्ज्य. कोण चोरून जातो ते बघायला प्रत्येक परगण्यात पाळत समिती असायची. म्हणजे गंमत बघा, ज्यांना सॉकरचा सर्वांत जास्त तिटकारा, तेवढ्यांनाच तो बिनधास्त बघायची परवानगी. आमच्या भागाचा पाळतकरी अँब्रोज. सॉकरच्या हंगामात दर रविवारी चर्चमधला मास आटोपला की बसनं शहरात जायचा, तिकीट काढायचा आणि भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. खेळाकडे पाठ नाही म्हणता येणार, पण तोंड गर्दीकडे. खिशात तपकिरी वही.

सॉकरवाले त्याला इन्स्पेक्टर म्हणायचे.

"काय इन्स्पेक्टर, आज किती मासे गावले?"

"मी मोजायला येत नाही. बघायला येतो."

"मग इकडं बघा की, गोल इकडं होतोय."

हसायचे. तो नाही हसायचा. बारा वर्षं तो त्या भिंतीला उभा राहिला आणि बारा वर्षांत कुणी त्याच्या शेजारी उभं राहिलं नाही.

आता लॉर्कनचं. लॉर्कन हॅनरटी म्हणजे आमच्या गावात पन्नास वर्षांत एकदा जन्मणारा पोरगा. डाव्या पायाचा. कोपऱ्यातून, वारा तोंडावर असताना, चेंडू खांबांवरून असा काढायचा की पंच निशाण उचलायच्या आधी आम्ही ओरडलेले असायचो. चौसष्ट साली तो चोवीस वर्षांचा होता, आणि ड्रमगॅरन पहिल्यांदा परगण्याचा कप जिंकणार यावर आमच्या फादरचासुद्धा विश्वास बसला होता.

त्या मे महिन्यात माझी आई गेली. मी सतरा वर्षांचा. तिला पुरून आठ दिवस झाले तरी मी बिछान्यातून उठत नव्हतो. रविवारी लॉर्कन आला, पांघरूण ओढलं आणि म्हणाला, "ऊठ. तोंड धू. शहरात सॉकरची मॅच आहे."

"कुणी बघितलं तर?"

"तुला कोण बघतंय, लेका. तू तर आमच्या संघात पाण्याची बादलीसुद्धा सांडतोस."

आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. गेलो दोघं. मध्यंतरात मी चहा आणायला गेलो आणि दोन कप घेऊन परतलो, तर गर्दीपलीकडे अँब्रोज, आणि त्याची नजर लॉर्कनवर. मी तिथूनच मागं फिरलो. चहा टपरीवर ठेवून बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो.

पंधरा जूनला समितीपुढं लॉर्कनला उभा केला. मी बाहेर सायकलींपाशी होतो, खिडकी उघडी होती.

"सोबत कोण होतं?"

"कुणी नाही. एकटाच होतो."

सहा महिन्यांची बंदी. सप्टेंबरात अंतिम सामना आम्ही एका पॉइंटनं हरलो. लॉर्कन कठड्याला टेकून बघत होता. नाताळच्या आधी तो इंग्लंडात ल्यूटनला मोटारींच्या कारखान्यात गेला, तो परत खेळायला आला नाही.

गावानं अँब्रोजला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. गाव नुसतं सरकून बसलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर दोन्हीकडे हातभर जागा मोकळी. डेअरीवर लोक कॅन ठेवायचे आणि काय बोलायचं ते काट्याशी बोलायचे. लॉर्कनची आई त्याच्या घरावरून जाताना रस्त्याची कड बदलायची. त्याच्या हातून कुणाला फॅट अर्ध्या टक्क्यानं जास्त लागलं नाही की कमी लागलं नाही, म्हणून लोक त्याला दगड समजायचे. मीही समजायचो. तसं समजणं मला सोयीचंच होतं.

एकाहत्तरच्या जानेवारीत आमच्या क्लबची वार्षिक सभा भरली. विलायती खेळांवरची बंदी उठवावी का, यावर देशातल्या प्रत्येक क्लबनं मत द्यायचं होतं. मी तोवर चळवळ्या झालो होतो. सरहद्दीपलीकडं, ब्रिटिशांच्या ताब्यात राहिलेल्या उत्तरेत, नागरी हक्कांच्या मोर्च्यांत दोनदा डोकं फोडून घेतलं होतं आणि त्याचा मला माज होता. कॉलेजची पायरी चढलो नव्हतो, पण भाषण ठोकायला मला पायरी लागत नव्हती. उभा राहिलो आणि म्हणालो, हा नियम लंडनला टोचत नाही, आपल्याच पोरांना टोचतो.

"बेलफास्टच्या रस्त्यावर सैनिक फिरतायत आणि तुम्ही इथं दारं उघडताय," मागून एक म्हातारा म्हणाला.

"सैनिक काय क्रिकेट खेळायला आलेत का?" मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

मग अँब्रोज उठला. सात वर्षांत तो सभेत बोलला नव्हता. अध्यक्ष होते शाळेचे मास्तर गिलहूली.

"मतदानाआधी माझा एक ठराव आहे, मास्तर. चौसष्ट सालचा माझा अहवाल खोटा होता. त्या दिवशी मी आपल्या क्लबचे दोघं पाहिले. नाव एकाचंच लिहिलं."

मी दार किती लांब आहे ते पाहिलं.

"दुसरा कोण?" मास्तरांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"मग ठराव कसला करतोस, अँब्रोज?"

"पाळतकऱ्यानं पाहिलेलं नाव लपवलं तर तो दोषी. लॉर्कनला सहा महिने दिलेत, तेवढेच मला द्या. नियम जिवंत आहे तोवर द्या."

"अरे बाबा," पॅकी सोरोहन म्हणाला. पॅकी आमचा माजी गोलकीपर, खाटीक. "नियम अर्ध्या तासात मरतोय आणि तू त्याच्याच हातून फाशी मागतोस?"

सगळे हसले. मास्तरही. "ठराव मांडलाय तर रीत पाळू. अनुमोदक आहे कुणी?"

हीटर सूं सूं करत होता. चाळीस माणसं. अँब्रोजनं कुणाकडेही पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. मी पंचक्रोशीत तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध, पोलिसांच्या तोंडावर बोलणारा. हात वर करायला किती लागतं? मी बुटांकडे बघत बसलो.

"अनुमोदक नाही, ठराव बारगळला," मास्तर म्हणाले. "पुढचा विषय."

बंदी उठवण्याच्या बाजूनं एकोणचाळीस हात वर गेले, शेवटी त्या मागच्या म्हाताऱ्याचाही. विरोधात एकही नाही. अँब्रोजनं कुठंच हात केला नाही. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "शिक्षा तुम्ही देत नाही तर मी घेतो. लॉर्कनला ज्या तारखेपासून दिलीत त्या तारखेपासून."

एप्रिलमध्ये नियम देशभर उठला. आमची पोरं सॉकर बघायला उघड जाऊ लागली, बायका आणि सँडविचं घेऊन. आणि पंधरा जूनला, अस्तित्वातच नसलेल्या नियमाखाली, अँब्रोज डिग्ननची शिक्षा सुरू झाली. तो मैदानावर यायचा बंद झाला. सरावाला नाही, मॅचला नाही, क्लबच्या खोलीत नाही. बऱ्याच जणांच्या ते लक्षातही आलं नाही. ऑगस्टमध्ये उत्तरेत सैनिकांनी पहाटे घरांत शिरून, खटला न चालवता माणसं उचलून नेली, बेलफास्टमधली घाबरलेली कुटुंबं सरहद्द ओलांडून आली, आमच्या क्लबच्या खोलीत मुलं जमिनीवर झोपू लागली. घोंगड्या मी गोळा केल्या. किल्ली तेव्हापासून माझ्याच खिशात.

आणि त्याच वर्षी ड्रमगॅरन पुन्हा अंतिम सामन्यात पोचलं.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार. बसेस चर्चसमोर उभ्या होत्या. मी मात्र चढ चढून अँब्रोजच्या घरी गेलो. तो बटाटे सोलत होता. एकाच माणसाला पुरतील इतके.

"चला," मी म्हणालो. "गाडीत जागा आहे."

"पंधरा डिसेंबरपर्यंत नाही."

"लॉर्कन तरी आत उभा होता की, बंदीत असताना. तिकीट काढून."

"त्याचं खेळणं काढून घेतलं होतं. माझं बघणं. मला तेवढंच येतं."

"रेडिओ तरी लावा."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग मला राहवलं नाही. "तो दुसरा मी होतो."

"ठाऊक आहे. दोन कप घेऊन येत होतास. सांडत होतास."

"मग लिहिलं का नाहीत?"

त्यानं सुरी खाली ठेवली. "तुझ्या कोटाच्या बाहीवर आईच्या दुखवट्याची काळी पट्टी होती. पेन चाललं नाही. घरी आल्यावर बरं वाटलं, म्हटलं, चला, माणूस आहोत आपण. तीन-चार महिन्यांनी तो सामना हरलो तेव्हा डोक्यात आलं. एक नाव गाळता येत होतं, तर दुसरंही गाळता आलं असतं. ते नाव नियमानं नाही लिहिलं. मी लिहिलं."

"मी सभेत उभा राहतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"आता कुणाला सांगणार? तुला कोण शिक्षा देणार? जा. सामना सुरू होईल तुझा."

"लॉर्कनला लिहिलंत हे?"

"फेब्रुवारीत. उत्तर यायचंय."

आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो. सोमवारी कप घरोघर फिरला, शाळेत, डेअरीत, लॉर्कनच्या आईच्या स्वयंपाकघरात, जिथं तिनं त्यात चहा ओतून सगळ्यांना पाजला. चढावर जायचं कुणाच्या मनात नव्हतं. मी भांडलो, आवाज चढवला, तेव्हा पॅकी आणि कप्तान आले माझ्याबरोबर. अँब्रोज अंगणात उभा होता. कप त्याच्यापुढं धरला. त्यानं हात पाठीमागं बांधले, वाकून कपावरची नावं वाचली, अगदी पहिल्या सालापासून, सावकाश.

"छान आहे," तो म्हणाला. "पंधरा डिसेंबरला बघेन हातात घेऊन."

"तोवर बँकेच्या तिजोरीत जाईल हो हा," कप्तान म्हणाला.

"मग राहिलं."

पॅकी उतरताना म्हणाला, "हा माणूस येडा आहे की शहाणा, मला कळत नाही." मी ठरवून टाकलं होतं. पंधरा डिसेंबरला क्लबची खोली उघडायची, बँकेतून कप आणायचा, मास्तरांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. त्याला आत घ्यायला निदान दहा माणसं हवीत, असं मनाशी पक्कं होतं.

पंधरा डिसेंबर बुधवारी आला. त्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्य सरहद्दीवरचे बारके रस्ते सुरुंग लावून उडवत होतं आणि आम्ही फावडी, ट्रॅक्टर घेऊन खड्डे बुजवत होतो. त्या दिवशीही सकाळपासून शंभरेक माणसं होतो. मी ट्रॅक्टरवर उभा राहून बोललो. आपण विसरणारे लोक नाही, असलं काहीतरी. लोक खूष होते. अंधार पडल्यावर चिखलानं भरलेला घरी आलो, बूट काढले आणि खिशातून किल्ली जमिनीवर पडली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच चढावर गेलो. पोस्टात काम करणाऱ्या बाईनं वाटेतच सांगितलं, की काल दुपारी दोनपासून अँब्रोज क्लबच्या दारापाशी उभा होता, रविवारचा सूट घालून, दाढी करून. तिनं विचारलं, कुणाची वाट बघताय. म्हणाला, कुणाची नाही. चारला अंधारलं तेव्हा गेला.

तो डेअरीत जायच्या घाईत होता. मी किल्ली हातात धरून दारात उभा.

"काल..." मी म्हणालो.

"काल दार बंद होतं," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. फॅट किती लागलं ते सांगावं तसं. "रस्ता झाला का तुमचा?"

"झाला."

"बरं झालं. सोरोहनांच्या गाई पलीकडं अडकल्या होत्या."

त्यानं टोपी घातली, माझ्या शेजारून बाहेर पडला, आणि उताराला लागला.