राखेतले खिळे

मावशीचा खुर्च्यांचा कारखाना जळाला, तेव्हा सांत्वनाला आलेल्या नातेवाइकांना बसायला एकही खुर्ची उरली नव्हती. आमच्याकडे हळहळणारे पुष्कळ, हात लावणारं कुणी नाही. मावशी राखेतून खिळे वेचत होती. तिने शेजारून हातोड्या आणल्या आणि एकेकाच्या हातात देत म्हणाली, "नुसते उभे राहू नका, खिळे सरळ करा."

त्याच खिळ्यांनी तिने उसन्या लाकडाची पहिली खुर्ची ठोकली. तिचे थोरले दीर ऐटीत बसले आणि खुर्चीसकट आडवे झाले. आगीत तापलेले खिळे मऊ पडतात, हे घाईत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आता तरी हा नाद सोड," दीर जमिनीवरूनच म्हणाले.

मावशीने आधी खुर्ची उचलली आणि मोडलेला सांधा निरखत राहिली.

नवे खिळे घ्यायची ऐपत नव्हती. मग तिने खाचा पाडून लाकूड लाकडातच अडकवलं. आज गिऱ्हाइकं तिच्या बिनखिळ्यांच्या खुर्च्या मुद्दाम मागतात. दीर त्यातल्याच एकीत रेलून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मला पहिल्यापासून खात्री होती."

मावशी तेव्हा खाली वाकून त्यांच्याच खुर्चीचे पाय हलवून बघत असते.