वास नाही

शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यात एक खोली असते. तिथे रोज सकाळी धरणाच्या, टाक्यांच्या आणि नळांच्या पाण्याचे नमुने येतात आणि एक माणूस ते हुंगतो. यंत्रं पुष्कळ आली, पण पाण्याला वास येतो की नाही हे अजून माणसाच्या नाकालाच विचारावं लागतं. या शहरात ते नाक एकतीस वर्षं एकाच गृहस्थांचं होतं. खात्यात त्यांना नाकसाहेब म्हणत. तोंडावर आदराने, आणि पाठीमागे आदर वगळून.

नाक बिघडू नये म्हणून नाकसाहेबांनी सुवासिक साबण, अत्तर आणि सकाळचा चहा कायमचा सोडला होता. स्वतःपुरता सोडला असता तर गोष्ट वेगळी. लग्नानंतर महिन्याभरात बायकोला वासाच्या तेलाची बाटली शेजारणीला देऊन टाकावी लागली, आणि ते ती आजवर विसरली नव्हती. आठच्या ठोक्याला साहेब काचेचे चंबू कोमट पाण्यात ठेवत, बूच लावून हलवत, बूच काढून दोन छोटे श्वास घेत आणि नोंदवहीत लिहीत: मातकट, बुरशीचा, क्लोरिनचा. ज्या पाण्यात काहीच खोट नाही त्याच्यापुढे ठळक अक्षरांत लिहीत, "वास नाही". त्यांच्या लेखी याहून मोठी शाबासकी जगात नव्हती.

ही शाबासकी घरातही शिरली. लेक निकाल घेऊन आली की आई विचारायची, "वास?" आणि लेक ओरडायची, "वास नाही!" म्हणजे पास. डॉक्टरांकडून तपासून आलं तरी तेच, नवा भाडेकरू बघून आलं तरी तेच. सुट्टीच्या दिवशी लेक त्यांच्याबरोबर त्या खोलीत जाऊन बसे. तिथे त्यांनी तिला चंबू हुंगायला शिकवलं आणि एक नियमही शिकवला: नोंदवहीत एक जरी नोंद खोटी निघाली, तर त्या दिवसाचं सगळं पान रद्द. मागाहून दुरुस्त केली तरी रद्द. एका सहकाऱ्याने एकदा न हुंगताच "वास नाही" लिहिलं, तेव्हा साहेबांनी त्याच्या चाळीसच्या चाळीस नोंदींवर लाल रेघ ओढली आणि चाळीस नमुने पुन्हा मागवले. तो बिचारा गयावया करत म्हणाला, "साहेब, एकच तर चुकली." साहेब म्हणाले, "एक खोटी लिहिलीस ना? मग बाकीच्यांतली खरी कुठली, हे मी कशावरून ओळखू?" आठ वर्षांची लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे ऐकत होती.

निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता हुंगायला काही उरलं नव्हतं. दूध हुंगून झालं, टॉवेल हुंगून झाले, शेजारच्यांचं कुत्रं हुंगून झालं. त्या कुत्र्यालाही ते विचित्र वाटलं असावं. महिन्याभराने बायको म्हणाली, "अहो, कुठेतरी जा. आणि जाताना ते नाक घेऊन जा."

नाक घेऊन ते एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये गेले. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी वाइन चाखायला शिकवत. शिकवणाऱ्यांना सगळे घोटसर म्हणत, कारण ते वाक्याच्या मध्येच घोट घेत आणि मग वाक्य तिथेच सोडून देत. ग्लास दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर रंग बघायचा, हलकेच फिरवून हुंगायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. साहेबांना हे सगळं आपल्याच खोलीतलं वाटलं, फक्त इथे थुंकायला बादली होती.

"काय जाणवतं?" घोटसरांनी पहिल्याच ग्लासाला विचारलं.

साहेबांनी दोन छोटे श्वास घेतले. "वास आहे," ते म्हणाले.

"कसला?"

"द्राक्षांचा."

वर्ग खो खो हसला. दुसऱ्या ग्लासात पांढरी वाइन होती, स्वच्छ आणि निर्दोष. साहेबांना ती मनापासून आवडली. ते उभे राहिले आणि भर वर्गात एकतीस वर्षांची सगळी मानाची पुंजी तिच्यावर उधळत म्हणाले, "वास नाही!" घोटसरांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्या आईवरून शिवी दिली. शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीच वाइन हुंगून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पावसात भिजलेलं खोगीर." सर म्हणाले, "वा! केवढी..." आणि घोट घेतला. बाई जन्मात घोड्याच्या जवळ गेल्या नव्हत्या.

त्या रात्री साहेबांनी सरळ नाकाला रजा दिली आणि कानांना कामाला लावलं. चार तासिका ते फक्त ऐकत बसले, आणि शहाणपणाचं गुपित त्यांच्या हाती लागलं. एक फळ, एक लाकूड आणि एक आठवण, एवढंच म्हणायचं. फळ सुकलेलं असलं तर उत्तम. लाकूड जुनं हवं. आठवण कुणाचीही चालते. घरी त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून तीन गठ्ठे केले, एकावर फळं, एकावर लाकडं, एकावर आठवणी, आणि पत्ते पिसावेत तसे ते पिसून सराव करू लागले. पुढच्या वर्गात त्यांनी ग्लास नाकाशी नेला न नेला आणि सांगितलं, "सुकलेलं अंजीर. जुन्या कपाटाचा खण. कुणीतरी नुकतंच खोलीतून निघून गेलंय." दातांच्या बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांचं खोगीर कुणी पळवलंय. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण खळखळाटाला टाळ्या पडतात, हे त्यांना साठाव्या वर्षी नव्यानेच कळत होतं.

वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळालं आणि निवृत्तीचा फोटो काढून त्या खिळ्यावर टांगलं गेलं. घरात नाकाने कांदे सोलणं सुरू झालं. सूप पिऊन एकदा ते म्हणाले, "सुरुवात छान आहे, पण मधल्या भागात जरा ढिसाळ."

"मधला भाग तुमचाही ढिसाळच आहे," बायको त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाली. "मी कधी बोलले का?"

अशात लेकीने एक दिवस सांगितलं, की तिला एक मुलगा आवडतो. जनावरांचा डॉक्टर होता. वडील चष्म्याचं दुकान चालवत, आई काही वर्षांपूर्वी वारली होती. "बाबा, दोन वर्षं आम्ही एकमेकांना ओळखतोय," ती म्हणाली. "एकच वास सारखा घेतला की नाक मरतं, हे तुम्हीच शिकवलंत. माझं नाक आता कामाचं नाही. तुम्ही या, बघा आणि सांगा. तुम्ही 'वास नाही' म्हणालात तरच मी पुढे जाणार आहे."

साहेबांना एकदम भरून आलं. वर्षभर टाळ्या मिळत होत्या, पण नाकाला काम मिळालं नव्हतं.

रविवारी दुपारी चष्मेवाल्यांकडे जेवण ठरलं. प्रमाणपत्राची कीर्ती तिथवर पोचली होती, म्हणून त्यांनी घोटसरांनाही आग्रहाने बोलावलं होतं. घर दुकानाच्या वरच होतं, खिडकीशी अक्षरांचा एक जुना तक्ता टांगलेला. जेवायच्या आधी चष्मेवाले स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि कपाटावरून एक बाटली दोन्ही हातांनी उतरवून घेऊन आले.

"मुलगा झाला त्या वर्षी एका बोटीवरच्या गिऱ्हाइकाने सहा बाटल्या दिल्या होत्या," ते म्हणाले. "बायको म्हणाली, याच्या लग्नाचं ठरेल तेव्हा पहिली उघडू. अठ्ठावीस वर्षं हात लावला नाही. आज तुमच्यासारखा जाणता माणूस घरी आलाय. दुधात साखर."

बूच निघालं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या साहेबांना कळलं. ग्लास नाकाशी न्यायचीसुद्धा गरज नव्हती. बुरशी. ओला पुठ्ठा, कुबट तळघर, वर्षानुवर्षं न उघडलेल्या टाकीचं झाकण. असल्या वासाच्या त्यांनी आयुष्यात शेकडो नोंदी केल्या होत्या आणि एकदा तर वरिष्ठांच्या धमक्यांना भीक न घालता दोन दिवस अर्ध्या शहराचं पाणी तोडायला लावलं होतं. ही बाटली मोरीत ओतायच्या लायकीची होती.

घोटसरांनी आधी लेबलवरचं साल वाचलं, मग ग्लास हुंगला. साल वाचल्यावर त्यांच्या दृष्टीने हुंगायचं काही उरलं नव्हतं. "काय ही खोली! हिच्यात एक..." ते म्हणाले आणि घोट घेतला.

चष्मेवाले साहेबांकडे बघत होते. अठ्ठावीस वर्षं त्या नजरेत होती. साहेबांच्या मनात तळ्यात की मळ्यात सुरू झालं, आणि तोंडाने आपल्या सवयीने पत्ते पिसले.

"सुकलेलं अंजीर," ते म्हणाले. "जुन्या वाचनालयातलं लाकूड. आणि... आणि घरातलं कुणीतरी आहे हिच्यात."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जनावरांच्या डॉक्टराने मात्र ग्लास हुंगला, पुन्हा हुंगला आणि चाचरत म्हणाला, "काका, मला यातलं कळत नाही, पण मला ओल्या पोत्याचा वास येतोय. गोठ्यात पडून राहिलेल्या."

घोटसर दयेने हसले. आणि साहेबांनी, ज्यांना त्या पोत्याचा धागा न् धागा ओळखू येत होता त्या साहेबांनी, पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "त्याला मातीचा सूर म्हणतात, डॉक्टर. नाक तयार व्हायला वर्षं जातात."

पोराने ओशाळून ग्लास खाली ठेवला. चष्मेवाल्यांना मात्र आनंद मावेना. "तर मग ठरलं!" ते म्हणाले. "उरलेल्या पाचही बाटल्या लग्नात उघडायच्या. सगळ्या पाहुण्यांना तुमच्याच तोंडून सांगायचं, यात काय काय आहे ते. माझा तुमच्या नाकावर पूर्ण विश्वास आहे."

साहेबांच्या डोळ्यांपुढे तीनशे पाहुणे, पाच बाटल्या आणि स्वतःचं अंजीर उभं राहिलं. बायकोने भिडेखातर ओठ लावलेला ग्लास हळूच भाजीच्या भांड्यामागे सरकवला होता. लेकीने आपला ग्लास उचलला. तिने तो फिरवला नाही. वर तळवा ठेवला, जरा हलवला, तळवा काढला आणि दोन छोटे श्वास घेतले. मग तिने बापाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "वास?"

साहेबांच्या घरात या प्रश्नाला दोनच उत्तरं होती, आणि दोन्हींत अंजीर नव्हतं. त्या तिघांशिवाय टेबलावरच्या कुणाला कळलंही नाही, की काय विचारलं गेलंय.

"आहे," ते म्हणाले.

"कसला?"

"बुरशीचा." मग ते चष्मेवाल्यांकडे वळले. "ही बाटली नासलेली आहे. बूच निघालं तेव्हाच मला कळलं होतं. दोष बुचाचा आहे, तुमचा नाही. बाकीच्या पाचांचं उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. मी खोटं बोललो. डॉक्टर, पोत्याचाच वास आहे तो. तुम्ही बरोबर होतात."

घोटसर ताडकन उठले. "अहो, पण मला स्वतःला ती खोली जाणवली!" ते म्हणाले. त्या दुपारी त्यांचं पूर्ण झालेलं वाक्य तेवढंच. घरी काम आहे म्हणून ते निघून गेले, पण ग्लास मात्र संपवून गेले.

चष्मेवाल्यांनी बाटली आपल्याकडे ओढून घेतली. "मला काहीच कळलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही अंजीर म्हणालात, तेव्हा मला अंजीर लागलं. याची आईपण जाणवली." त्यांनी खिडकीजवळच्या तक्त्याकडे बोट केलं. "खालची ओळ दिसत नसली तरी लोक अंदाजाने वाचून दाखवतात हो. लाज वाटते त्यांना. मग मी चुकीचा नंबर देतो आणि ते जिन्यावरून पडतात. साहेब, तुम्ही मला जिन्यावरून पाडणार होतात." आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. ते उठले आणि बाटली मोरीत ओतून आले. डॉक्टर मागोमाग गेला आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

जेवण कसंबसं झालं. भांडी आवरताना साहेबांनी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. एवढ्या चारचौघांत स्वतःचं नाक स्वतःच्या हाताने कापून घेतलं होतं, त्यामुळे त्यांना जरा हलकंही वाटत होतं आणि थोडी शाबासकीही हवी होती.

"पाहिलं मी त्याला," ते हळूच म्हणाले. "सगळे वाहवा करत असताना खरं बोलला. बापाच्या मागे उभा राहिला. शंभर नंबरी आहे पोरगा. वास नाही. अजिबात वास नाही! लिही."

लेक हात पुसत होती. तिने टॉवेल घडी करून ओट्यावर ठेवला.

"आज नको, बाबा."

"का? दुरुस्त केली ना मी नोंद? सगळ्यांसमोर केली."

"मागाहून दुरुस्त केली तरी पान रद्द," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यांनीच शिकवलेला धडा ती त्यांना म्हणून दाखवत होती. "त्याच्याबद्दल तुम्हाला उद्या विचारीन. सकाळी आठ वाजता. चहा घेऊ नका."