आट्यांवरचं जास्तीचं ग्रीस

पोलिसांच्या शस्त्रागारात माझी बदली झाली तेव्हा तिथे मी एकटीच बाई होते. बंदुका दुरुस्त करणारे हवालदार पोवार शेतकऱ्याच्या घरचे, उंच, कमी बोलणारे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात पाहिले आणि विचारलं, "धान रोवले का कधी?"

मी सालेकशाची, धानाच्या पट्ट्यातली. हो म्हटलं.

"मंग जमते तुले," म्हणाले, आणि समोर स्टूल सरकवलं.

आता त्या टेबलाशी मी बसते. एखाद्या रायफलची नळी बदलायला आली की ते दिवस आठवतात. नळीच्या आट्यांवर ग्रीस लावावं लागतं, नाहीतर लोखंड लोखंडाला धरून बसतं. नळी आवळली की जास्तीचं ग्रीस दोन्हीकडून बाहेर येतं. बाहेरचं फडक्यानं जातं. आतलं मात्र काडतूस बसतं तिथपर्यंत सरकतं. तिथे ओशटपणा राहिला तर गोळी सुटताना काडतूस नळीच्या आतल्या भिंतीला धरत नाही, धक्का नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टवर येतो. आणि बोल्टच्या मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

उस्ताद बांबूच्या कामटीला चिंदी गुंडाळून आतून पुसत. चिंद्या घरून आणत, बायकोच्या जुन्या सुती लुगड्याच्या. सरकारी कापडाचे धागे सुटतात म्हणून. चिंदी कोरडी निघाली की करंगळी आत घालून डोळे मिटत. मला वाटे, काय हा हात!

त्या हिवाळ्यात नेमबाजीच्या स्पर्धेची एक रायफल आली. नवी नळी उस्तादांनी बसवली, साफही त्यांनीच केली आणि रजिस्टर पुढं ओढलं. मी सहज टॉर्च मारला. आट्यांच्या मागच्या खाचेत ग्रीसचं बारीक कडं चमकत होतं.

"उस्ताद, अजून एक चिंदी फिरवू का?"

"काऊन? साफ आहे ना."

"मले चमकून राहिलं काहीतरी."

त्यांनी रायफल खिडकीशी नेली. फिरवली, तिरपी केली, टॉर्च मारला. बराच वेळ गेला. मग हळूच विचारलं, "कुठं?"

मी खाचेत कामटी फिरवली आणि चिंदी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चिमटीत चोळली. बोटं ओशट झाली.

"कवापासून दिसून नाही राहिलं तुमाले?"

"दिवाळीपासून धुकं आहे डोळ्यापुढं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त मले गेटवर बसवलं असतं, माय. हे काम सुटलं असतं."

दिवाळीनंतर त्यांनी आणखी तीन रायफलींच्या नळ्या बदलल्या होत्या. ते मला आठवलं तेव्हा त्यांनाही आठवलं असावं, कारण ते उठले, टोपी घातली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "साहेब, माझ्या हातून चूक झाली. दिवाळीनंतर नळी बदललेल्या त्या तिन्ही रायफली मागवा. आजच." साहेबांचा आवाज चढला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. उस्ताद मान खाली घालून उभे राहिले.

तिन्ही रायफली दुपारपर्यंत आल्या. दोन कोरड्या निघाल्या. तिसरीच्या खाचेत ग्रीस होतं; नशिबानं तिच्यातून एकही गोळी झाडलेली नव्हती. चारही मी पुसल्या. उस्ताद स्टुलावर बसून होते. मी थांबले की म्हणत, "अजून एक." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून ते काळ्या चष्म्यात परत आले. साहेबांनी त्यांना टेबलावरून हलवलं नाही, फक्त प्रत्येक रायफलीवर दोघांची सही लागेल असं सांगितलं. ते उरलेलं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं. सकाळी डब्यातली भाकर अर्धी माझ्यापुढे सरकायची, आणि माझी चूक झाली की, "कायले घाई करतं व?" एवढंच.

आता ते गावी शेती करतात. आठ-पंधरा दिवसांनी फोन येतो. बंदुकांबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. धानाला लोंब आली, बांध फुटला, रानडुकरं शिरली, असं सांगत राहतात. मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत राहते.