पेज काही भात नव्हे

हातखंब्याच्या राहीचा जीव भातावर. कोणाच्या चुलीवर कुठल्या जातीचा तांदूळ रटरटतोय, हे ती वाटेवरून जाताना नुसत्या वासाने सांगायची. अशी बाई नऊ महिने भाताच्या शितालाही शिवली नाही, आणि तेही नवऱ्यापायी. वाडीने तिला खुळी ठरवलं. खुळी ती नव्हती. तिला फसवलं, आणि फसवलं ते घरच्याच माणसाने.

तिचा नवरा महिपत चिरेखाणीवर मुकादम. अंगाने आडवा, ताटात भाताचा डोंगर लागायचा. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर त्याला सारखी तहान लागायला लागली. कळशी रिकामी झाली तरी घसा कोरडाच. शेवटी राहीने त्याला एस.टी.त बसवून रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात त्याच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता निळं पाणी चिऱ्यासारखं तांबडं झालं. साखरेचा आजार, डॉक्टर म्हणाले. भात बंद, गूळ बंद. नाचणीची भाकरी, पालेभाजी, कुळथाचं कढण, आणि रोज सकाळी दोन मैल चालणं. ऐकलं नाही तर डोळे जातील, नाहीतर पाय कापावा लागेल.

पायाचं ऐकून राहीने धसकाच घेतला. घरात भात शिजला तर ह्यांचं मन जाईल, म्हणून तिने भाताचं मडकं माळ्यावर चढवलं आणि स्वतःही त्याच्याबरोबर नाचणीला बसली. घरच्या शेतातला तांदूळ आता खाणार कोण? वरच्या वाडीत नणंद तुळसा राहायची, तिच्या घरी खाणारी तोंडं फार. राहीने दोन पोती तिच्याकडे पोचती केली. शेजारणी म्हणायच्या, कमावत्या नवऱ्याला नाचणीवर ठेवलाय हिने. राही कानाआड करायची.

पहिल्या महिन्याला नळी पुन्हा तांबडीच झाली. डॉक्टर रागावले, असंच चाललं तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल म्हणाले. सुईच्या नावाने महिपतचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेपासून त्याला खाणीवर खाडा करणं जमेना, तेव्हा त्याच्या लघवीची बाटली घेऊन राही एकटीच जायला लागली. पिशवी मांडीवर धरून ती बाटली जपून न्यायची, आणि काय सांगावं, नळी निळीच्या निळी! डॉक्टर तिला शाबासकी द्यायचे. घरी येताना तिला कोरडी भाकरीसुद्धा गोड लागेल असं वाटायचं.

मग भाद्रपदात महिपतच्या अंगठ्याला चिऱ्याचा टवका लागला. जखम एवढीशी, पण महिना उलटला तरी भरेना. डॉक्टर चक्रावले. माणसालाच घेऊन या म्हणाले, आणि तो आल्यावर तिथल्या तिथे लघवी घेऊन, दोघांसमोर, नळी दिव्यावर धरली. तांबडीलाल.

डॉक्टरांनी राहीकडे पाहिलं आणि विचारलं, बाई, तुम्ही ह्यांना घालता तरी काय? राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने शपथ घेतली, रडली. महिपत खाली अंगठ्याकडे बघत होता.

"बाटलीतली माझी नव्हती," तो शेवटी म्हणाला. "केरूची व्हती."

केरू म्हणजे तुळसाचा नवरा. मग एकेक बाहेर आलं. दोन मैल चालून महिपत जायचा तो थेट बहिणीच्या ओटीवर. तिथे भावासाठी गरम पेज तयार असायची, तांब्याभर, वर गुळाचा खडा. आणि तपासणीच्या दिवशी फिरायला जाताना तो बाटली बरोबर न्यायचा, ती केरूकडून भरून आणायचा.

"डाक्टरांनी भात बंद केल्यान," महिपत म्हणाला. "पेजेचं कोण बोलला?"

तसं बघितलं तर निम्म्या वाडीने त्याची बाजू घेतली असती. आपल्याकडे सकाळची ती पेज, दुपारचा तो भात. एकाच तांदळाची दोन नावं आहेत हे कोण लक्षात ठेवतो?

"मंग बाटली कशाला बदाललीत?" राहीने विचारलं.

आठ दिवसांत जखम भरायला लागली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं आणि सुया लिहून दिल्या.

एस.टी.त ती त्याच्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसली. नणंदेच्या नवऱ्याची लघवी आपण महिनोनमहिने मांडीवर सांभाळली, ह्याची तिला शिसारी येत होती. पण त्याहून जास्त जळत होतं ते पेजेचं. ती पेज तिनेच दिलेल्या तांदळाची होती.

घरी न जाता ती तुळसाच्या दारात गेली. शेरभर तांदूळ मागितला. तुळसाने मान वर न करता घातला. घरी येऊन राहीने मडकं माळ्यावरून काढलं, भात रांधला आणि आपल्या ताटात वाढून घेतला. महिपतपुढे भाकरी ठेवली.

"नऊ महिनं मला वाटत व्हतं, दोघं मिळून जेवतोय," ती म्हणाली. "मी एकलीच जेवत व्हते."

आणि त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसली.